जिना कोणी मोजायचा?

संगणकाने विद्यार्थ्यांचा हात नेला, अशी हळहळ व्यक्त करण्याची एक पद्धतच आपल्याकडे पडून गेली आहे. मराठीच्या प्राध्यापकांना ती विशेष प्रिय. आम्हीही त्यातलेच, दहा-बारा वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत आम्ही दोघांनी मिळून बोरू, टाक आणि हस्ताक्षर यांवर एक सुस्कारेवजा लेख लिहिला होता, हे आधीच कबूल करून टाकतो. तो लेख आज आम्हांला मान्य नाही. मत बदलायला कारण झाला तो एक जिना.

आमच्या शेजारच्या वास्तुकला महाविद्यालयाने दुसऱ्या वर्षाच्या परीक्षणाला आम्हांला 'बाहेरचे वाचक' म्हणून बोलावले होते. विद्यार्थ्यांना दिलेला विषय असा : शहरातल्या एका जुन्या चाळीचा अंगणातून पहिल्या मजल्यावर जाणारा जिना नव्याने रचायचा आणि त्याचे मॉडेल संगणकावर तयार करायचे. भिंतीवर पंचवीस-तीस कामे लागली होती. त्यांपैकी दोघांविषयीच येथे लिहायचे आहे.

पहिल्या कामातला जिना वळण घेत वर जात होता. काचेचा कठडा, संध्याकाळचा प्रकाश, पायऱ्यांवर कॉफीचा पेला धरून उभा असलेला एक गृहस्थ. चित्र देखणे होते यात वाद नाही. मात्र वळणावर वरच्या गॅलरीची तुळई जिन्यावरून जात होती आणि तिच्याखाली उरलेली उंची पावणेदोन मीटरही नव्हती. तो गृहस्थ आणखी दोन पायऱ्या चढता, तर त्याचे कपाळ तुळईला लागले असते. हे आम्हां भाषेच्या माणसांना दिसले. परीक्षकांपैकी कोणी त्याचा उल्लेख केला नाही. त्या कामाला पहिल्या प्रतीचे गुण मिळाले.

दुसरे काम एका मुलीचे. करडे, ओबडधोबड, ना प्रकाश ना सावली. त्यात नव्या जिन्याच्या आधी जुना जिना जसाच्या तसा उभा केलेला होता : पायथ्याशी पाण्याचे पिंप, बाक, भिंतीलगत चपला. परीक्षकांनी दोन आक्षेप घेतले. एक, सॉफ्टवेअरमध्ये जिन्याचे तयार साधन असताना या मुलीने पायऱ्या एकेक ठोकळा करून का रचल्या? दुसरा, हा पसारा कशासाठी? नंतर एका ज्येष्ठ परीक्षकांनी, आम्ही हाताने काढायचो तेव्हा रेषेत जीव असायचा, असे सांगून विषय संपवला. तिचे गुण कापले गेले.

पहिला आक्षेप तपासून पाहण्यासारखा आहे. जिन्याचे तयार साधन कसे चालते? खालचा मजला सांगा, वरचा मजला सांगा, पायरीची कमाल उंची सांगा. ते एकूण उंचीला भागते, पायऱ्यांची संख्या काढते आणि सगळ्या पायऱ्या तंतोतंत समान करून देते. नव्या जिन्याला हे योग्यच आहे. पायऱ्या असमान असल्या की माणूस अडखळतो. पाय दोन-तीन पायऱ्यांतच पुढच्या पायरीचा अंदाज बांधतो आणि मग डोळ्यांना विचारत नाही. पण हा जिना नवा नव्हता. मुलीने टेप लावून मोजले होते. अंगणापासून गॅलरीपर्यंत उंची ३४२० मिलिमीटर, पायऱ्या १७. त्यांतली पहिली ११० मिलिमीटर, शेवटची २३५, मधल्या १५ प्रत्येकी २०५. असे का? तर अंगणात वर्षानुवर्षे थरावर थर पडत गेले आणि पहिल्या पायरीचा जवळजवळ अर्धा भाग जमिनीत गेला; वर गॅलरीत नवी फरशी बसली आणि शेवटची पायरी तेवढी उंच झाली. त्या घराचा कित्येक वर्षांचा इतिहास या दोन आकड्यांत आहे. तयार साधनाला तो सांगता येत नाही, कारण असमान पायरी हा प्रकारच त्याच्या हिशेबात नाही. म्हणून मुलीने साधन बाजूला ठेवून ठोकळे रचले. परीक्षकांनी याला अज्ञान म्हटले.

तिने आम्हांला आणखी एक गोष्ट दाखवली, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. फ्रान्सच्या राजकीय वास्तुकला अकादमीचा पहिला संचालक फ्रांस्वा ब्लोंदेल याने १६७५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जिन्याचा एक नियम घालून दिला : पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल टेकण्याची रुंदी मिळून माणसाचे एक पाऊल व्हावे, तेव्हाचे २४ फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर. आजची पुस्तके ६० ते ६५ धरतात. राष्ट्रीय इमारत संहिता निवासी इमारतीत पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० मागते. ब्लोंदेलच्या सूत्रात घातली की बेरीज ६३०. आता चाळीचा तो उभा, अंगावर येणारा लाकडी जिना घ्या. उंची २०५, रुंदी २२०. बेरीज तीच, ६३०. ज्या सुताराने तो घडवला त्याच्या हाती ब्लोंदेल असणे शक्य नाही. स्वतःचा पाय होता. ही बेरीज कागदावर करून दाखवताना मुलीचा चेहरा असा उजळला होता, की एखादी ओवी पहिल्यांदा उलगडली म्हणजे आमच्या वर्गातल्या एखाद्याच मुलाचा उजळतो.

हाताच्या रेषेत जीव असतो म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयाच्या दालनातला जिना मायकेलअँजेलोचा म्हणून जग ओळखते. मायकेलअँजेलोने १५३४ साली फ्लॉरेन्स सोडले ते कायमचे. पुढे १५५०च्या दशकाच्या अखेरीस त्याने रोमहून मातीचे एक लहानसे मॉडेल पाठवले आणि त्यावरून अम्मानातीने जिना बांधला. मायकेलअँजेलोच्या मनात लाकूड होते. बांधला गेला दगडाचा. तो जिना तो स्वतः कधी चढला नाही. म्हणजे दूर बसून मॉडेल करणे हा संगणकाने आणलेला दोष नव्हे. तयार माल उचलण्याची सवयही संगणकाची नव्हे. ऑटोकॅड आले १९८२ साली. नॉयफर्टचा मापांचा जाडजूड ग्रंथ जर्मनीत १९३६ सालीच निघाला होता, आणि त्यातला जिना ट्रेसिंग पेपरखाली धरून गिरवणाऱ्यांच्या पिढ्या होऊन गेल्या. त्यांचे हात शाईने बरबटलेले होते म्हणून त्यांनी विचार केला होता असे कोणी सिद्ध करून दाखवावे.

संगणकाची बाजू घ्यावी असे याने ठरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की भांडण चुकीच्या जागी चालले आहे. साधन जो हिशेब परस्पर करून टाकते, तो विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः केला होता की नाही, हे विचारायला हवे. नेमके तेच परीक्षक विचारत नाहीत, कारण ते विचारायचे तर जागेवर जावे लागते आणि टेप धरावी लागते.

येथे दगड आपल्याच घरावर येतो. आपल्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, भाषाशैली : कोणतीही कादंबरी आणा, या पाच रकान्यांत भरा, पंधरा गुण तयार. गाइड लिहिणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. पण ज्या साच्यात गाइड बसते तो साचा विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांवर बसून आपणच पाडला आहे. तोही सगळ्या पायऱ्या समान करून देतो. एखाद्या कादंबरीची पहिली पायरी जमिनीत का गेली आहे, शेवटी वाचकाचा पाय का ठेचाळतो, हे सांगणाऱ्या उत्तराला आपण 'विषयांतर' असा शेरा मारतो. आमच्या हातूनही असे शेरे गेले आहेत. त्या मुलीने सहज विचारले, "मॅडम, तुम्ही 'बटाट्याची चाळ' शिकवता ना? चाळीचा जिना मोजलात कधी?" १९५८ सालचे ते पुस्तक आम्ही कित्येकदा शिकवले. आम्ही मोजला नव्हता.

आता पसाऱ्याविषयी. संहितेच्या मापाचा जिना केला तर १९०च्या १८ पायऱ्या होतात आणि जिन्याची लांबी ४२५० मिलिमीटर भरते. जुना जिना ३५२०मध्ये उभा आहे. ही ७३ सेंटिमीटर आणायची कोठून? वर गॅलरीत वाढवली तर एका खोलीचे दार अडते. खाली अंगणात वाढवली तर पिंप आणि बाक हलतात. पडद्यावर दोन्ही जागा मोकळ्याच दिसतात. माउसच्या एका टिचकीत कोणाचाही कोपरा घेता येतो. मुलीने पिंप आणि बाक मॉडेलमध्ये ठेवले ते यासाठी. बाकावर रोज संध्याकाळी चाळीतली तीन म्हातारी माणसे बसतात. तिने त्यांना विचारले. त्यांतल्या एकाने सांगितले, "पोरी, बाक भिंतीकडे ने, पण उन्हात नको." त्याप्रमाणे तिने बाकाची जागा ठरवली आणि त्यावर सकाळ-संध्याकाळची सावली कोठवर येते तेही दाखवले. तेवढे मात्र तिने सॉफ्टवेअरकडून करून घेतले, आणि हाताने ते इतके नेमके तिला साधलेही नसते. वास्तववादावर व्याख्याने देणाऱ्या आम्हांला यापेक्षा चांगले उदाहरण अद्याप सापडलेले नाही. परीक्षकांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. 'सादरीकरण' या रकान्यात तिला दहापैकी चार मिळाले.

बाहेरच्या वाचकांना अभिप्रायासाठी दोन ओळींची जागा होती. आम्ही कागद उलटून पाठीमागे लिहिले : पुढच्या वर्षी मॉडेल पाहण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून जागेवर घेतलेल्या मापांची वही मागावी आणि तिला निम्मे गुण ठेवावेत, आणि या विद्यार्थिनीच्या कामाचे पुनर्परीक्षण व्हावे. खाली दोघांनी सह्या केल्या. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. दरम्यान आमच्या विभागाच्या सहामाही परीक्षेची प्रश्नपत्रिका काढण्याची पाळी आमचीच आली आहे, आणि पाच रकाने काढून टाकल्यावर त्या जागी काय विचारायचे यावर आम्हां दोघांत कालपासून वाद सुरू आहे.