साडेचार फुटी दार

आमच्या भिवंडीच्या घराला तळमजल्यावर साडेचार फूट रुंदीचे दार आहे. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, 'एवढं मोठं दार कशाला हो केलंत?' खरे सांगायचे तर ते माणसांसाठी केलेलेच नव्हते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन जुने यंत्रमाग विकत घेतले. ते मूळच्या दारातून आत जाईनात, म्हणून चौकट उखडून भिंत फोडली गेली. आधी माग आत गेले आणि मग त्यांच्या मापाने चौकट बसली. खाली माग, वर आम्ही. पुढे दोनाचे चार झाले आणि गेल्या काही वर्षांत चारही, एकेक करून, भंगारात वजनावर गेले. खोली रिकामी झाली. यंदा उन्हाळ्यात त्याच दारातून मी एक व्हिडिओ गेमचे यंत्र आत आणले. हातात मावणारे नव्हे, मॉलमधल्या खेळांच्या दालनात असते तसे अख्खे. पुरुषभर उंच, समोर काच, दोन दांडे, बटणे आणि खाली नाणे टाकायची फट.

घरात याचे जे स्वागत झाले ते सांगण्यासारखे आहे. पत्नीचे म्हणणे व्यवहाराचे होते. घरपोच मालाची पार्सले ठेवायला जागा शोधणारा एक तरुण त्या खोलीचे महिना आठ हजार द्यायला तयार होता, आणि मी तिथे खेळणे आणून ठेवत होतो. मुलगी नुसती हसली. म्हणाली, 'बाबा, यातले सगळे गेम माझ्या फोनवर येतात.' अण्णा काहीच बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा त्यांना काय म्हणायचे आहे हे आमच्या घरात सर्वांना कळते.

पत्नीच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही चांगले उत्तर नाही. मुलीच्या प्रश्नाला मात्र आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. कापडाची गरज मात्र थांबली नव्हती. ते भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत निघू लागले. गिरणीतले कामगार अण्णा परळहून भिवंडीला आले ते त्या लाटेत. गिरणीत यंत्र भोंग्यापलीकडे असायचे. भिवंडीत ते अंथरुणाखाली आले. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालत. वरच्या मजल्यावर हंड्यातल्या पाण्यावर सतत बारीक तरंग असत. शाळेत बाई मला हळू बोल म्हणायच्या, कारण घरात हळू बोलून ऐकूच जात नसे. रात्री वीज गेली की धोटे थांबायचे, आणि त्या शांततेने आम्ही झोपेतून दचकून उठायचो. अण्णांचे कान त्या खोलीतच गेले.

म्हणजे यंत्र घरात शिरले की घराचे काय करते, हे आम्हा भिवंडीकरांना कुणी शिकवायला नको. तरीही मागाबद्दल एक गोष्ट मी कबूल करतो. तो जे घ्यायचा ते उघडपणे घ्यायचा. किती जागा खातो ते दिसत होते, केव्हा चालू आहे ते अख्ख्या गल्लीला ऐकू येत होते आणि बंद झाला म्हणजे तो खरोखरच बंद असायचा.

आता पार्लरकडे वळू. १९९३-९४ च्या सुमारास धामणकर नाक्याच्या बाजूला एक व्हिडिओ गेम पार्लर होते. पडदा लावलेले दार, आत अंधार, पाच-सहा यंत्रे. रुपयाला एक डाव. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ तिथे होता, पण ते नाव उच्चारणारा मुलगा मी पाहिला नाही. खेळातल्या एका पात्राचे नाव मुस्तफा, म्हणून भारतभर तो खेळच 'मुस्तफा' झाला. एका वेळी तिघांना खेळता यायचे. १९८४ च्या दंगलीनंतर ज्या गावात कोणत्या मोहल्ल्यातून किती वाजता जायचे हे मुलांना घरी पढवले जाई, त्या गावात निजामपुऱ्याचा एक, पद्मानगरचा एक आणि मी, असे तिघे खांद्याला खांदा लावून एकाच काचेकडे पाहत उभे असायचो. ही मैत्री होती असे मी म्हणणार नाही. मला त्यांची नावेही आठवत नाहीत. पण माझ्या शेवटच्या रुपयावर तो पद्मानगरचा मुलगा मला वाचवायला मागे फिरायचा, हे आठवते.

अण्णांनी मला तिथून दोनदा कान धरून आणले. त्यांचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही. अशा पार्लरांच्या आडून जुगार चाले, ही तक्रार देशभर होती. कर्नाटक आणि तामिळनाडूतील पार्लरचालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परवाने आणि अटी योग्य ठरवल्या. पण त्या पडद्यामागे जुगार नसलेलेही काही होते, ते पाहायला कुणी आत आले नाही. असो.

यंत्र मिळाले भिवंडीतच. मुंबई महापालिकेची जकात १ जुलै २०१७ ला संपली, पण त्याआधीच जकातीच्या हद्दीबाहेरचा माल साठवायला मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामांची रांग उभी राहिली होती. २०२० च्या टाळेबंदीनंतर मॉलमधली खेळांची दालने बंद पडली, त्यातला काही मालही या पट्ट्यात आला. एका गोदामात ताडपत्रीखाली ही पेटी उभी होती. विकणाऱ्याने 'चालू कंडिशन' सांगितले. चालू होता तो आतला पंखा.

ज्यांना असे यंत्र घरी न्यायचे आहे त्यांना माझा अनुभव उपयोगी पडेल. सगळे दार मोजतात आणि जिन्याचे वळण मोजायला विसरतात. माझी पेटी पावणेसहा फूट उंच, सव्वादोन फूट रुंद. साध्या खोलीच्या दारातून, दार बिजागऱ्यांतून काढले आणि बटणांची पाटी सोडवली, तर ती कशीबशी जाते. जिन्याच्या चौकात मात्र अडते. ती आडवी करावी तर आत काचेची जड चित्रनळी. त्या नळीशी जपून वागावे. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो, म्हणून जाणकाराखेरीज कुणी मागची फळी उघडू नये. यंत्र अमेरिकी वा जपानी असेल तर ते ११० किंवा १०० व्होल्टचे असू शकते. आपल्या २३० च्या विजेवर थेट जोडले की खेळ संपला. वजन सव्वाशे किलोच्या आत-बाहेर, म्हणजे दोन माणसांचे. चांगल्या स्लॅबला ते काहीच नाही. पण २०२० च्या सप्टेंबरात पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत मध्यरात्री कोसळली, तेव्हापासून या गावात 'चांगला स्लॅब' हा शब्द मी सहज वापरत नाही.

टेम्पो दारात आला तेव्हा मी दोन हमालांना सूचना देत होतो आणि ते ऐकत नव्हते. तेवढ्यात अण्णा खाली आले. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली. मग जिन्याखालून तीन लोखंडी पाइप काढले. माग आत घेताना वापरलेले तेच, तीस वर्षे तिथेच पडलेले. 'उचलायचं नाही,' ते म्हणाले, 'लोटायचं. मागचा पाइप सुटला की पुढे लावायचा.' चार मिनिटांत पेटी आत होती. वर त्यांनीच सांगितले, की ही भुशाची फळी आहे, लोखंड नव्हे. पावसात जमिनीला ओल धरते, खाली विटा लाव. कामवारीचे पाणी २००५ च्या जुलैत कुठवर चढले होते ती खूण त्यांनी भिंतीवर बोटाने दाखवली. विटांचे दोन थर लावले.

दुरुस्तीला आमच्या मागांचे जुने फिटर चाचा आले. मागांबरोबर त्यांचेही काम गेले. आता ते मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. १९८५ साली जपानी उत्पादकांनी तारांच्या जोडणीचे एक सर्वमान्य प्रमाण ठरवले, 'जामा' नावाचे. त्यामुळे एका पेटीत दुसऱ्या खेळाचा बोर्ड बसतो. चाचांनी हे माझ्याकडून ऐकून घेतले आणि म्हणाले, 'म्हणजे बीम बदलायचा, माग तोच.' याहून चांगले वर्णन मी वाचलेले नाही.

आता मुलीचे उत्तर. तिचे खरे आहे. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने 'मेम' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे जुने खेळ साध्या संगणकावर चालतात आणि आता फोनवरही. चित्र तेच, आवाज तोच. पण हे खेळ नाण्यासाठी घडवलेले होते. पाचेक मिनिटांत खेळणारा मरावा आणि त्याने खिशात हात घालावा, असे त्यांचे गणित. फोनवर नाणी अमर्याद. मी तिच्या फोनवर मुस्तफा तासाभरात संपवला आणि पुन्हा लावावासा वाटला नाही. मरण फुकट झाले की खेळात राहते काय? आणि शेजारी उभा असलेला माणूस तर फोनमध्ये नाहीच.

माझी तक्रार फोनवर आहे ती एवढीच. घरात यंत्र आणायचे तर ते दिसेल, आडवे येईल, जागा मागेल असे आणावे. खिशात मावणारे यंत्र घरात केव्हा शिरले, कुणाचे किती तास घेऊन गेले, याचा पत्ता लागत नाही, कारण त्यासाठी कुणाला भिंत फोडावी लागली नाही. ही पेटी चालू झाली की वरच्या मजल्यावर कळते. खेळायला उभे राहावे लागते, आणि उभ्याने माणूस फार वेळ खेळत नाही.

आतल्या एका बारीक स्विचने यंत्र फुकट खेळू देते. मी तो लावला होता. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतला. जुनी रुपयाची नाणी त्यांनी एका डब्यात घातली. गल्लीतली मुले संध्याकाळी येतात, प्रत्येकाला तीन नाणी. पैसे कुणी देत नाही, नाणी परत डब्यात जातात. नऊ वाजता अण्णा मुख्य स्विच बंद करतात, पाळी संपल्यासारखा. खेळाचा आवाज त्यांना फारसा ऐकू येत नाही. ते मुलांच्या मागे स्टुलावर बसून त्यांचे हात पाहतात. परवा म्हणाले, 'तो डावीकडचा पोरगा चांगला माग चालवील.'

चित्रनळी मात्र म्हातारी आहे. चाचा म्हणतात, दोन-तीन वर्षे निघतील. अशा नळ्या आता बाजारात मिळतात त्या जुन्या टीव्हीतून काढलेल्याच. पुढचे पुढे पाहू. पत्नी अजूनही अधूनमधून आठ हजारांचा हिशेब मांडते, आणि तो चुकीचा नसतो. त्या पार्सलवाल्या तरुणाला अखेर पलीकडच्या गल्लीत जागा मिळाली. तिथलेही माग गेल्याच वर्षी निघाले.