विश्लेषण : पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव? गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वेळीच कसा ओळखाल?

२०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चर्चा वाढली. मात्र बोलताना त्यातला ‘मुख’ हा शब्द गळतो आणि दोन वेगळे आजार एकच समजले जातात.

लस, पॅप चाचणी इथे उपयोगी आहे का?

नाही. लस एचपीव्ही विषाणूविरुद्ध आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा, म्हणजेच एंडोमेट्रियमचा कॅन्सर या विषाणूमुळे होत नाही. पॅप चाचणीही मुखाची असते. ती ‘नॉर्मल’ आली म्हणून अस्तर ठीक आहे असे समजू नये. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. अस्तराच्या कॅन्सरसाठी लक्षणे नसलेल्या महिलांची सरसकट तपासणी केली जात नाही.

मग इशारा कोणता?

रक्तस्राव. वर्षभर पाळी बंद राहिल्यानंतर दिसलेला एक डागही डॉक्टरांना सांगायला हवा. रजोनिवृत्तीनंतर हा कॅन्सर झालेल्या दहापैकी सुमारे नऊ महिलांमध्ये हे लक्षण असते. उलट, असा रक्तस्राव झालेल्या शंभरपैकी साधारण नऊ जणींमध्येच कॅन्सर निघतो. म्हणजे घाबरायचे नाही, पण अंगावरही काढायचे नाही.

कॅन्सरच्या आधी काय होते?

इस्ट्रोजेन अस्तर वाढवते, प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालते. हा तोल ढळला की अस्तर जाड होते. याला हायपरप्लेसिया म्हणतात. पेशी साध्या असतील तर २० वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने बहुतेकींचे अस्तर पूर्ववत होते. पेशींचे रूप बदललेले असेल, म्हणजे ‘एटिपिकल’ प्रकार असेल, तर हीच शक्यता २५ टक्क्यांच्या पुढे जाते. तेव्हा सहसा गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला जातो. मूल हवे असेल, तर हार्मोन उपचार देऊन वारंवार बायोप्सी करतात.

धोका कोणाला अधिक?

लठ्ठपणा, मधुमेह, पीसीओएसमुळे महिनोन्‌महिने पाळी न येणे, स्तनाच्या कॅन्सरसाठीचे टॅमॉक्सिफेन आणि आनुवंशिक लिंच सिंड्रोम ही प्रमुख कारणे आहेत. चरबीतही इस्ट्रोजेन तयार होते, म्हणून वजनाचा मुद्दा महत्त्वाचा. त्यामुळे पाळी चालू असलेल्या तरुणींनीही सतत अनियमित किंवा अति रक्तस्राव दुर्लक्षू नये.

तपासणी कशी होते?

रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास आधी सोनोग्राफी करतात. अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता फार कमी. जाडी जास्त असेल किंवा रक्तस्राव पुन्हा झाला, तर बायोप्सी करावी लागते.

कॅन्सर गर्भाशयापुरता असताना सापडला, तर बहुतेक रुग्ण बऱ्या होतात. अडचण इतकीच, की आई किंवा आजी हे घरात सांगतच नाही. तेव्हा पुढच्या फोनवर गुडघेदुखीबरोबर हाही प्रश्न विचारा.