लोखंडाचे सोवळे

देवघरातले सोवळे आपल्या घरांतून गेले, स्वयंपाकघरातले गेले, पंक्तीतलेही बव्हंशी गेले. पण सोवळे ही मोठी चिवट वस्तू आहे. एका दाराने हाकलली की दुसऱ्या दाराने आत येते. सध्या तिने मोटारींच्या गॅरेजात मुक्काम ठोकला आहे. जुनी मोटार कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच राहिली पाहिजे, तिचा एक स्क्रू बदलला तरी ती बाटली, असे मानणारा एक पंथ आहे. त्यातून ती स्पोर्ट्‌स मोटार असली तर या मंडळींचा कर्मठपणा काशीच्या शास्त्र्यालाही खाली पाहायला लावील. घरामागच्या शेडमध्ये, रविवारची झोप सोडून, गाडीखाली पाठ टेकून तिचा गिअरबॉक्स बदलणारा माणूस त्यांच्या लेखी पातकी. मला आज त्या पातक्याचे वकीलपत्र घ्यायचे आहे.

मास्तरांना मोटारींचे काय, असे आपण विचाराल. असली गाडी विकत घेण्याची माझी ऐपत नाही आणि ती येण्याची चिन्हेही नाहीत. पण माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात नोकरीला आहे. त्याने तिथे १९६६ सालची एमजीबी जीटी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातांनी ती दुरुस्त केली. जुना डायनॅमो दिव्यांना आणि वायपरला एकदम पुरे पडेना, म्हणून त्याने अल्टर्नेटर बसवला. एका प्रदर्शनात परीक्षकाने बोनेट उघडून पाहिले आणि या अल्टर्नेटरपायी त्याचे गुण कापले. गाडी म्हणे 'अस्सल' राहिली नाही!

आता गंमत पाहा. एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत तयार होत राहिली. १९६७ च्या अखेरीस त्याच कारखान्याने डायनॅमो काढून अल्टर्नेटर बसवायला सुरुवात केली. म्हणजे एका वर्षानंतर कारखान्याने केले ते पुण्य, आणि घरच्या माणसाने केले ते पाप! हा कोणता न्याय?

अस्सल म्हणजे तरी कोणते, हे या शास्त्र्यांनी एकदा सांगून टाकावे. १९६४ साली या गाडीच्या इंजिनातील मुख्य बेअरिंगे तीनाची पाच झाली. १९७४ साली अमेरिकेच्या नियमांसाठी चकचकीत बंपर गेले, काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवण्यात आली. उंच झालेली गाडी वळणावर कलू लागली. पुढे कितीतरी मालकांनी घरच्या शेडमध्ये त्या गाड्या पुन्हा पहिल्या उंचीवर आणल्या. यात अस्सल कोण? नियमाच्या धाकाने गाडी बिघडवणारा कारखाना, की ती सुधारणारा मालक?

आणखी एक इतिहास. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज शर्यतपटूने एमजीबीत रोव्हरचे आठ सिलिंडरांचे, साडेतीन लिटरचे इंजिन बसवायला घेतले. ते ॲल्युमिनियमचे असल्याने पुढचा भार फारसा वाढत नव्हता. कारखान्याच्या मालकांनी त्याची गाडी मागवून पाहिली आणि १९७३ साली तशीच आपली गाडी बाजारात आणली. १९७६ पर्यंत अडीच हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. आज हेच पंथवाले त्या गाड्यांना अस्सल म्हणून गंध लावतात.

आणि मुळात एमजीचा जन्म कशातून झाला? २०१९ पासून आपल्याकडच्या रस्त्यांवरही एमजी हे नाव मिरवणाऱ्या गाड्या फिरू लागल्या. त्या नावाचा उलगडा 'मॉरिस गॅरेजेस' असा आहे. सेसिल किंबर हा ऑक्सफर्डच्या त्या गॅरेजचा व्यवस्थापक. साध्या, संसारी मॉरिस गाडीवर निराळा सांगाडा चढवून, तिला जरा अवखळ बनवून विकण्याचा उद्योग त्याने आरंभला. १९२५ साली मॉरिसच्याच चासीत फेरफार करून त्याने एक गाडी तयार केली आणि लँड्स एंडच्या चाचणीत सुवर्णपदक मिळवले. तिकडे लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने आपली पहिली गाडी १९४८ साली जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभी केली, तीसुद्धा भावी सासुरवाडीच्या गॅरेजात! या मंडळींना त्या वेळी कोणी 'हात लावू नका, बाटेल' म्हणून दटावले असते, तर आज ज्यांची पूजा चालते त्या गाड्या जन्मालाच आल्या नसत्या.

बरे, सगळे मूळचेच ठेवायचे म्हटले तरी ते ठेवू कोण देतो? ज्या पेट्रोलवर ही गाडी वाढली ते पेट्रोलच उरलेले नाही. त्यात शिसे असे, आणि इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बैठकींना त्याचे संरक्षण मिळे. ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस त्या पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. तेव्हापासून इंजिनाचे डोके उतरवून त्यात कठीण धातूच्या बैठकी बसवून घेणे हा शहाणपणाचा मार्ग ठरला. पुढे २०२१ मध्ये तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले. ते जुन्या रबरी नळ्या कुरतडते. त्या नळ्या न बदलता सोवळे पाळणाऱ्याने गाडीत आग विझवण्याचे नळकांडे मात्र जरूर ठेवावे.

माझा खरा राग याहून निराळ्या गोष्टीचा आहे. त्या १९६६ च्या गाडीत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच. तो कुठे फुटला की चारही चाकांचा पायब्रेक एकदम गेला. उरतो तो हातब्रेक आणि इष्टदेवतेचे नाव. माझ्या विद्यार्थ्याने पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र मार्ग करून घेतले, कारण शेजारच्या आसनावर त्याची अकरा वर्षांची मुलगी बसते. 'हे मूळचे नव्हे' असे ज्याला तिथे म्हणवेल, त्याने आपल्या मुलीला त्या गाडीत बसवून घाट उतरून दाखवावा. मग आपण वाद घालू.

मात्र मी सगळ्याच फेरफारवाल्यांची तळी उचलतो असे कोणी समजू नये. दुसऱ्या टोकाला एक उल्लू पंथही आहे. दारांखालचे पत्र्याचे उंबरे गंजून भुसा झालेले असतात, आणि हे महाशय आधी मोठे इंजिन बसवतात. एमजीबीला वेगळी चासी नाही. तो पत्राच गाडीचे ओझे पेलतो. म्हणून आधी गंज काढावा, मग ब्रेक आणि टायर पाहावेत, मग वायरिंग, मग पाण्याचा रेडिएटर, आणि ताकदीचा विचार सर्वांत शेवटी. घराचा पाया खचला असताना गच्चीवर झुंबर टांगणाऱ्याला आपण काय म्हणतो? काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला वाटल्यास तो परत बसवता येईल. वेल्डिंग किंवा ब्रेक स्वतःला नीट येत नसेल तर जाणत्या मिस्त्रीपुढे नमावे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून, फार मोठे फेरफार न केलेल्या, चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरीही घरच्या कारागिराने गाडी आपणहून तपासून घ्यावी. आणि जगात दोनचारच उरलेली गाडी असेल तर तिला खुशाल ताम्रपटासारखी जपावी. पण एमजीबी पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. ताम्रपट काही लाखांनी निघत नसतात!

आपल्याकडे काय आहे? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना, निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय केली, पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे या अटीवर. कायदा मोडा असे मी सांगणार नाही. कर्णकर्कश सायलेन्सर लावून गल्ली हादरवणाऱ्या पोरांसाठी तो हवाच. पण ब्रेक सुधारणारा आणि सायलेन्सर फोडणारा यांना एकाच दोरीने बांधू नये. ब्रिटनमध्ये मुळापासून बदललेल्या गाडीसाठी सरकारी परीक्षा आहे. तिथे पास व्हा आणि रस्त्यावर या! तशी वाट इथेही मोकळी करा. आम्हांला नुसती बंदी नको, तपासणी हवी.

हा सगळा खटाटोप एका परक्या मोटारीसाठी कशाला, असे कोणी म्हणेल. तर ऐका. त्या गाडीचे नटबोल्ट इंचांच्या मापाचे आहेत. माझ्या विद्यार्थ्याची मुलगी बापाच्या हाती पाने देते. अर्ध्या इंचाचा, सात सोळांशाचा, नऊ सोळांशाचा. त्यांतला मोठा कोणता हे तिला कधी पाठ करावे लागले नाही. माझ्या वर्गातली हुशार पोरे 'नऊ सोळांश मोठा की अर्धा' यावर पाटीभर आकडेमोड करतात, आणि तरीही एकमेकांकडे पाहत राहतात. दोष त्यांचा नाही. त्यांच्या हाती आपण पाना कधी दिलाच नाही. हात तेलकट झाले की माणूस अडाणी ठरतो, ही शिकवण आपणच त्यांना दिली. खंडेनवमीला हत्यारांना झेंडूची माळ घालायची, त्यांच्यापुढे हात जोडायचे, आणि उरलेले वर्षभर ती दुसऱ्याच्या हातात द्यायची, ही आपली आयुधपूजा!

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्याला आपण पुण्यवान म्हणतो. तो कळस नवा चढवतो, ढासळलेली भिंत उभी करतो, आणि देऊळ पुन्हा नांदते होते. देऊळ काचेच्या कपाटात ठेवण्याचे कोणाला सुचत नाही. यंत्रालाही तोच न्याय लावा. जे चालण्यासाठी जन्मले ते चालते ठेवणे हीच त्याची पूजा. घरात गाडी नसेल तर सायकल असेल, शिलाईचे यंत्र असेल, बंद पडलेला मिक्सर असेल. या दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे ताट रिकामे झाले की मुलांना जवळ बसवा, मिक्सरची पिन भिंतीतून काढा, पाना त्यांच्या हाती द्या, आणि यंत्र उघडा. हात तेलकट होतील. होऊ द्या. घरात उटणे आणि साबण आहेच.