खालिदना वेळ द्या, पोरांना मैदान द्या

“खालिद जमील आले, मग आपला संघ का हरतोय?” हा प्रश्न गेल्या काही आठवड्यांत मला मशिदीच्या पायऱ्यांवर, बाजारात आणि फोनवरून थेट मस्कत-दुबईहून विचारला गेला. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्याआधी भारताची एकही फुटबॉल मॅच पाहिलेली नव्हती. नाव ऐकले आणि पाहायला लागले. त्यात वाईट काही नाही. पण नुसत्या नावावरून जीव लावला की दोन पराभवांत तो उडतोही. म्हणून आज जरा शांतपणे हिशेब मांडू या.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून निवड केली. अंतिम यादीत तीन नावे होती. दुसरे नाव होते दोनदा भारताचे कोच राहिलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन, तिसरे स्लोव्हाकियाचे श्टेफान तारकोविच. साव्हियो मेदेइरा यांच्यानंतर, म्हणजे तेरा वर्षांनी, हे पद भारतीय माणसाकडे आले.

खालिद यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. कुवेत म्हटले की कोकणातल्या किती घरांत १९९० च्या आठवणी निघतात, ते मी सांगायला नको. पुढे मुंबईत ते एअर इंडिया आणि महिंद्रा युनायटेडकडून खेळले, भारताकडूनही खेळले. दुखापतींनी खेळ थांबवला, तेव्हा मुंबई एफसीचे कोच झाले आणि सात वर्षे तो तुटपुंज्या पैशांचा संघ त्यांनी आय-लीगमध्ये टिकवून धरला. मग २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल एफसीला घेऊन त्यांनी लीगच जिंकली. मोहन बागानला एका गुणाने मागे टाकले. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या संघात मुंबईचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे होते, सीरियाचा महमूद अल अमना होता आणि बाकी बरीचशी मिझो पोरे होती. मोठे नाव एकही नव्हते. कोणाकडून काय काम होईल हे ओळखायचे आणि तेवढेच काम त्याच्याकडून चोख करून घ्यायचे, ही खालिद यांची पद्धत. बोलणे कमी, जाहिरात त्याहून कमी.

आता त्यांच्या हातात संघ कोणत्या अवस्थेत आला ते पाहा. जून २०२४ मध्ये इगोर श्टिमाच यांना काढले. नंतर आलेले मानोलो मार्केझ वर्षभरात गेले. त्यांच्या आठ सामन्यांत एकच विजय, तोही मालदीवविरुद्ध. फिफाच्या क्रमवारीत भारत १३३ व्या क्रमांकावर घसरला होता. आशिया चषकाच्या पात्रता फेरीत शिलाँगला बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगमध्ये पराभव आधीच झाला होता. म्हणजे घर गळत असताना चावी हातात दिली, आणि पाऊस चालूच होता.

तरीही सुरुवात झकास झाली. ऑगस्ट अखेरीस ताजिकिस्तानमध्ये मध्य आशियाई नेशन्स कपला संघ गेला, तोही मोहन बागानचे खेळाडू नसताना, कारण क्लबने त्यांना सोडले नाही. पहिल्याच सामन्यात यजमान ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ ने हरवले. इराणकडून ०-३ ने हरलो, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली. तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी गाठ पडली. १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर गुरप्रीत सिंगने शेवटचा फटका अडवला आणि ओमानला भारताने पहिल्यांदाच नमवले. मस्कतमधल्या आपल्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मान किती ताठ ठेवली असेल!

मग ऑक्टोबर आला. सिंगापूरमध्ये दहा खेळाडूंनिशी खेळत अगदी शेवटी रहीम अलीच्या गोलने १-१ अशी बरोबरी. पाच दिवसांनी मडगावला, आपल्याच प्रेक्षकांसमोर, छांगतेने आघाडी मिळवून दिली आणि आपण १-२ ने हरलो. आशिया चषकाचे दार तिथेच बंद झाले. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १-० ने हरवले, बावीस वर्षांत पहिल्यांदा. पाच सामन्यांत दोन गुण, दोन गोल, विजय एकही नाही.

हा चषक २०२७ च्या जानेवारीत सौदी अरेबियात आहे. रियाध, जेद्दा आणि खोबर इथे सामने होणार. कोकणातले हजारो हात तिथे राबतात. एखाद्या जुम्याला सुट्टीच्या दिवशी तिरंगा घेऊन स्टेडियमात बसायची संधी त्यांना मिळाली असती. ती गेली. या पराभवाचे दुःख मला क्रमवारीपेक्षा यामुळे जास्त आहे.

आता माझे मत. खालिद यांचा एक निर्णय मला पटला नाही. मध्य आशियाई स्पर्धेत सुनील छेत्री नव्हता, तरी संघ उभा राहिला होता. ऑक्टोबरमध्ये एक्केचाळीस वर्षांच्या छेत्रीला परत बोलावले. छेत्रीच्या कर्तृत्वाबद्दल दुमत नाही. पण इमारत नव्याने बांधायची ठरल्यावर जुना खांब पुन्हा उभा करायचा नसतो. नोव्हेंबरच्या संघात तो नव्हता आणि त्याने कायमचा निरोप घेतला. मोहम्मद सनान, मोहम्मद सुहैल यांच्यासारख्या तरुणांना पुढे आणण्याची वाट आता मोकळी आहे, आणि तीच बरोबर आहे.

पण गोल होत नाहीत, हा दोष कोणा एका कोचचा नाही. आपल्या लीगमध्ये गोल करायची जागा वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंकडे आहे. क्लबचा पोरगा बाजूने धावतो, पास देतो. शेवटचा फटका मारायची सवय त्याला लागतच नाही. त्यात या मोसमात महासंघ आणि चालक कंपनीच्या करारात घोळ झाला आणि इंडियन सुपर लीग वेळेवर सुरूच झाली नाही. खेळाडू महिनोन् महिने सामन्यांविना बसले. स्वयंपाकीण कितीही सुगरण असो, चुलीत लाकूडच नसेल तर ती काय करणार? उंट न बांधता तवक्कुल करण्याची आपली ही सवय जुनीच आहे.

सब्र कसा फळतो, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. हैदराबादचे शाळामास्तर सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० पासून सलग पाच वर्षे जिंकला. १९५१ च्या आशियाई खेळांत त्यांनी भारताला सुवर्ण दिले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतले. आपले काही खेळाडू अनवाणी खेळत होते. आज असा पराभव झाला तर कोचला विमानतळावरच निरोप मिळेल. पण १९५६ ला मेलबर्नमध्ये रहीमसाहेबांच्याच हाताखाली भारत चौथा आला, आणि १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून पुन्हा सुवर्ण. त्या अंतिम सामन्यात डोक्याला जखम असलेल्या बचावपटू जर्नेलसिंगला त्यांनी पुढच्या फळीत खेळवले आणि त्याने गोल केला. तोवर रहीमसाहेब कर्करोगाने पोखरले होते. पुढच्याच वर्षी ते गेले. खालिद हे रहीमसाहेब आहेत असे मी म्हणत नाही. रहीमसाहेबांना जेवढी मुदत मिळाली, तेवढी तरी त्यांना मिळावी, एवढेच म्हणतो.

बाहेरच्या पोरांचा प्रश्नही आहे. बांगलादेशकडे हमजा चौधरी आहे, इंग्लंडमध्ये वाढलेला. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तिथला पासपोर्ट सोडून आपला घेतला. त्याची आई मुंबईची. ढाक्यात परवानगीचे कागद वेळेत आले नाहीत म्हणून तो खेळू शकला नाही. ज्या दिवशी आपण तिथे हरलो, त्याच तारखेला कुरासाओ नावाचे बेट विश्वचषकाला पात्र ठरले. तिथली वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या रत्नागिरी तालुक्याच्या निम्मी. त्यांचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि वाढलेले. तेव्हा असे खेळाडू जरूर यावेत. पण १४० कोटींच्या देशाला अकरा जण घरचे मिळू नयेत, हे पटत नाही.

इथे मला केरळातला मलप्पुरम जिल्हा आठवतो. किनारा आपल्यासारखा, पाऊस आपल्यासारखा, घराघरातला माणूस आखातात, तोही आपल्यासारखा. तिथून अनस एडथोडिका आला, आशिक कुरुनियन आला. खालिद यांनी संघात आणलेला मोहम्मद उवैस तिथलाच. त्याची लांबलचक थ्रो-इन ताजिकिस्तानच्या गोलपर्यंत पोहोचली आणि पहिला गोल झाला. तिथे गावोगावी ‘सेव्हन्स’ म्हणजे सात-सात जणांच्या स्पर्धा होतात आणि आखातातला पैसा त्यात येतो. आपल्याकडेही आखातातला पैसा येतो, पण तो सारा टेनिस बॉल क्रिकेटच्या चषकांना जातो. क्रिकेटशी माझे भांडण नाही. दहा चषकांतला एक फुटबॉलला द्या, एवढीच विनंती.

करायचे काय, तेही अवघड नाही. सात-सात जणांना अर्धे मैदान पुरते. शाळेच्या किंवा जमातीच्या जागेवर आठवड्यातून दोन दिवस, असर ते मगरिब, तेरा वर्षांखालची पोरे जमवा. दोन चेंडू, चार खांब आणि शिकवायला कोणी जुना खेळाडू. कोल्हापूर आपल्यापासून फार लांब नाही. तिथल्या तालमींनी फुटबॉल पिढ्यान् पिढ्या जगवला आणि अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आणि मुलींना काठावर बसवू नका. जुलै २०२५ मध्ये आपल्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. जे पुरुषांना जमले नाही, ते त्यांनी केले.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारले, खालिद का हरले, तर त्याला उलट विचारा: तुमच्या मोहल्ल्यातली किती पोरे या वर्षी फुटबॉल खेळली? उत्तर शून्य असेल, तर त्या पराभवात आपला सगळ्यांचा थोडा थोडा वाटा आहे. आणि उत्तर चौदा असेल, तर दोन संघ झाले. इन्शाअल्लाह, पुढच्या आशिया चषकापर्यंत त्यातला एखादा आपल्याला टीव्हीवर दिसेल.