एका दोराचे सोबती

गेल्या रविवारी विहारात वंदना आटोपली, मंडळी पांगली आणि वस्तीतल्या एक ताई मागे थांबल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात, नवरा रिक्षा चालवतो. मुलगी वसतिगृहात राहून बारावीला शिकते. हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी तिची आणि तिच्या दोन मैत्रिणींची निवड झाली आहे. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, बर्फात चढायचं म्हणे. आपल्यातलं कोणी गेलंय का तिकडं? पडलीबिडली तर? आणि एवढं करून मिळणार काय?"

तीन प्रश्न, आणि तिन्ही रास्त. दिवसाची कमाई दिवसाला संपते त्या घरात हे प्रश्न पडणारच. म्हणून यावेळचा लेख त्या ताईंसाठी आणि त्यांच्यासारख्या सर्व माता-पित्यांसाठी.

पहिला प्रश्न, कोणी गेलंय का?

होय ताई, गेलंय. २५ मे २०१४ रोजी सकाळी एव्हरेस्टच्या माथ्यावर दोन मुले उभी राहिली. एक मालावत पूर्णा, निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची आदिवासी शेतमजुरांची मुलगी. वय १३ वर्षे ११ महिने. एवढ्या लहान वयाची मुलगी त्यापूर्वी तिथे कधीही पोहोचली नव्हती. दुसरा साधनापल्ली आनंद कुमार, खम्मम जिल्ह्यातला दलित मुलगा, सायकल दुरुस्त करणाऱ्याचा पोरगा. दोघेही समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. आपल्या महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. एव्हरेस्ट ८,८४८ मीटरचे, म्हणजे पाच कळसूबाई एकावर एक रचूनही कमीच पडतील. तिथे या लेकरांनी तिरंगा फडकवला आणि सोबत नेलेले परमपूज्य बाबासाहेबांचे छायाचित्र उंच धरले.

पुढे १६ मे २०१८ रोजी आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुले त्याच शिखरावर पोहोचली. मनीषा धुर्वे, कवीदास काटमोडे, उमाकांत मडावी, परमेश आळे आणि विकास सोयाम. त्या मोहिमेत निघालेले सगळेच माथ्यावर पोहोचले नाहीत. पण माथा न गाठता जो सुखरूप माघारी येतो तोही कमी धैर्याचा नसतो, हे आपण मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न, पडली तर?

ताईंना खोटा धीर देणार नाही. बर्फाचा डोंगर हा खेळ नव्हे. पूर्णा आणि आनंद तिबेटच्या बाजूने चढत होते. त्याच मोसमात, १८ एप्रिल २०१४ रोजी, नेपाळच्या बाजूला हिमकडा कोसळून १६ कामगार ठार झाले. त्यांत बहुतेक शेर्पा होते. इतरांसाठी दोर बांधणारे आणि पाठीवरून ओझी वाहणारे हे श्रमिक. शिखरावरच्या छायाचित्रात ते क्वचितच दिसतात, पण त्यांनी बांधलेल्या दोराशिवाय तिथे फारच थोडे पोहोचतात. ओझे वाहणाऱ्याचे नाव मागे पडते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

पण म्हणूनच या विद्येत शिस्त फार. बुटांना लोखंडी दात असलेला सांगाडा बांधतात, त्याने बर्फात पाय रुततो. हाती बर्फाची कुऱ्हाड असते. दोन-तीन जण एकाच दोराला बांधून घेतात. बर्फावर कितीतरी ठिकाणी खोल भेगा असतात आणि वरून ताज्या हिमाचा पातळ थर पडला की त्या दिसत नाहीत. एकाचा पाय आत गेला तर दुसऱ्याने तिथल्या तिथे कुऱ्हाड रोवून दोर धरायचा. १९५३ साली एव्हरेस्टच्या मोहिमेत असेच घडले. हिलरी भेगेत घसरले आणि तेनसिंगांनी दोर धरून त्यांना वाचवले. त्यानंतर २९ मे रोजी दोघे माथ्यावर पोहोचले. तेनसिंग हे बौद्ध. त्यांनी माथ्यावरच्या बर्फात खड्डा करून थोडा खाऊ श्रद्धेने अर्पण केला. दोघांत आधी पाय कोणी ठेवला, असे जग विचारत राहिले. दोघे बराच काळ एकच उत्तर देत होते, आम्ही मिळून पोहोचलो.

दुसरा धोका हवेचा. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. एव्हरेस्टच्या माथ्यावर एका श्वासाला इथल्या एक तृतीयांश इतकाच प्राणवायू मिळतो. म्हणून घाई करायची नसते. दिवसा थोडे वर चढायचे, रात्री खाली येऊन झोपायचे, शरीराला सवय लावायची. डोके ठणकले, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर वर जाणे थांबवायचे. त्रास वाढला तर खाली उतरायचे, तोच खरा उपाय. गंमत अशी की ज्याला हा त्रास होतो त्याला तो कळतोच असे नाही. बुद्धी मंदावते आणि माणूस हट्टाने पुढे जाऊ पाहतो. तेव्हा सोबत्याने ओळखायचे आणि सांगायचे, "बस, आता परत फिरायचं."

भगवान बुद्धांनी भंते आनंदांना सांगितले होते की कल्याणमित्र हा धम्मजीवनाचा अर्धा भाग नव्हे, तर संपूर्ण धम्मजीवन आहे. बर्फात त्याचा अर्थ नीट उमगतो. नुसती वाहवा करणारा मित्र तिथे उपयोगाचा नाही. जो दोर धरतो आणि वेळेला माघारी फिरवतो तोच मित्र.

तेव्हा ताई, शिबिर मान्यताप्राप्त संस्थेचे आहे का, वैद्यकीय तपासणी होते का, शिकवणारे कोण, विमा आहे का, हे विचारा. लाजू नका. दार्जिलिंगला १९५४ साली स्थापन झालेली संस्था आहे, तिथे खुद्द तेनसिंगांनी शिकवले. पूर्णा आणि आनंदही तिथेच शिकले. आधी भोंगीरच्या खडकावर, मग दार्जिलिंगला, मग लडाखच्या कडाक्याच्या थंडीत अशी त्यांची टप्प्याटप्प्याने तयारी झाली. सुरुवातीला शंभराहून अधिक मुले होती, शेवटी दोघे निवडले गेले. तरीही तेरा वर्षांच्या लेकराला एव्हरेस्टवर पाठवा असे मी कोणाला सांगणार नाही. नेपाळच्या बाजूने सोळा वर्षांखालील मुलांना परवानगीच नाही, आणि तो नियम योग्य आहे. पण सज्ञान होत आलेल्या मुलीने जाणत्यांच्या देखरेखीखाली बर्फावर चालायला शिकणे ही वेगळी गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न, मिळणार काय?

लगेच नोकरी मिळेल असे मी म्हणत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. डोंगर जात विचारत नाही असे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. ते खरे आहे. मात्र डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता जातही विचारतो आणि पैसाही विचारतो. बूट, कपडे, प्रवास, शिकवणी, हे सगळे पायथ्याच्याही आधी लागते. पूर्णा-आनंदसाठी हा रस्ता कोणी तयार केला? आंध्रात वंचितांच्या निवासी शाळांसाठी झटलेले सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांनी. त्यांचेही छायाचित्र मुलांनी शिखरावर नेले होते. पुढे त्या शाळांचे सचिव, पोलीस अधिकारी आर. एस. प्रवीण कुमार यांनी मुलांवर विश्वास टाकला. आणि त्याही आधी, १९२५ साली सोलापूरला बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह काढणाऱ्या बाबासाहेबांनी. तो पहिला दोर त्यांनी बांधला. त्याच दोराला धरून आपली मुले वर जात आहेत. आपल्या मुलांना 'सवलतीची' म्हणून हिणवणाऱ्यांनाही वर जाताना कोणीतरी बांधलेला दोर लागतोच. त्यांचा दोर पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्याने त्यांना तो दिसत नाही, इतकेच.

पूर्णा एव्हरेस्टवर थांबली नाही. २०२२ पर्यंत तिने सातही खंडांची सर्वोच्च शिखरे सर केली. शेतमजुराच्या मुलीला जगाचा नकाशा आपला वाटू लागला, हे मिळाले.

ताई, मुलीला जाऊ द्या. तिघी मैत्रिणी एका दोराला बांधून घेतील, एकमेकींना सांभाळतील. आणि विहार समितीच्या बंधूंनो, त्या तिघींच्या बुटांचा आणि गरम कपड्यांचा खर्च आपण वर्गणीतून उचलूया. माझे पाचशे रुपये पहिले धरा. येत्या रविवारी वंदनेनंतर यादी करू.

जयभीम!