बीसीजीची लस, साखर आणि सांधेदुखीची गोळी

बीसीजी ही टीबीची लस. फ्रान्समध्ये १९२१ साली ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. आपल्या देशात ती १९४८ पासून दिली जाते. आज दवाखान्यात बाळ जन्मले की त्याच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचतात. मेंदूच्या टीबीसारख्या लहान मुलांच्या जीवघेण्या आजारांपासून ती चांगले संरक्षण देते. २०२४ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत मोठ्या माणसांनाही ही लस देण्याची मोहीम निघाली. साठीच्या पुढचे, टीबी होऊन गेलेले, टीबी रुग्णाच्या घरातले, फार अशक्त, धूम्रपान करणारे आणि मधुमेही असे गट त्यासाठी निवडले गेले.

इथे एक गैरसमज सहज होऊ शकतो. मधुमेहींना बोलावतात म्हणजे या लसीने साखर बरी होते, असा. तसे नाही. मधुमेह असलेल्याला टीबीचा धोका जास्त असतो, म्हणून त्याला बोलावतात.

मग बीसीजीने मधुमेह सुधारतो, ही बातमी कुठून आली? अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून. टाइप-१ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. अशा आजारांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. आमवातही त्यातलाच. डॉ. डेनिस फॉस्टमन यांनी टाइप-१ च्या मोजक्या प्रौढ रुग्णांना बीसीजीचे दोन डोस दिले. २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केले की, तीन वर्षांनंतर रुग्णांची सरासरी साखर उतरली आणि पुढेही उतरलेली राहिली. इटलीतही मज्जासंस्थेच्या अशाच एका आजारावर बीसीजीचा प्रयोग झाला. हे संशोधन आशादायक आहे, पण रुग्ण थोडे होते आणि इन्सुलिनची जागा काही लसीने घेतली नाही. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी घेतलेल्या मुलांनाही टाइप-१ मधुमेह होतोच. म्हणून बातमी वाचून कुणीही मुलाचे इन्सुलिन बंद करू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

माझ्या मते आपल्या जालना जिल्ह्यात खरी काळजी वेगळीच आहे. बीसीजी ही जिवंत लस आहे. तिच्यातले जंतू दुबळे केलेले असतात, मेलेले नसतात. धडधाकट माणसाला त्यांचा त्रास होत नाही. पण आमवातासाठी स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याच्या शरीरात हेच जंतू वाढू शकतात. अशा माणसाला ही लस देत नाहीत.

नियम बरोबर आहे, पण तो पाळायचा कसा? ऊसतोडीला जाणारी बाई, स्टील कारखान्यात लोखंड उचलणारा कामगार, यांचे सांधे दुखतात तेव्हा ते मेडिकलमधून गोळी आणतात. तिच्यात स्टेरॉइड आहे का, हे त्यांना कुणी सांगत नाही. “कुठला आजार आहे का?” असे विचारले तर ते प्रामाणिकपणे “नाही” म्हणतात. म्हणून लस टोचण्याआधी प्रश्न असा विचारला पाहिजे: “रोज कुठली गोळी खाता? पाकीट दाखवा.” आरोग्य खात्याने हा प्रश्न साध्या मराठीत छापून प्रत्येक उपकेंद्रावर लावावा, ही आपली मागणी असली पाहिजे.

याच औषधांची दुसरीही बाजू आहे. शरीरात दबून बसलेला टीबी त्यांच्यामुळे उठू शकतो. म्हणून आमवाताची महागडी इंजेक्शने सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मात्र स्टेरॉइडची गोळी एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नका, तेही धोक्याचे आहे.

आणि ऊसतोडीच्या फडावर बाळ जन्मले, बीसीजी राहून गेली, तर गावी परतल्यावर लगेच उपकेंद्रात न्या. एक वर्षाचे होईपर्यंत ती देता येते. बोस्टनच्या संशोधनाचे काय व्हायचे ते होईल. बाळाची लस आणि औषधाचे पाकीट या दोन गोष्टी मात्र आजच आपल्या हातात आहेत.