‘येवा’ म्हणजे किती दिवसांसाठी?

कोकणात घाट उतरला की जागोजागी एक पाटी भेटते : ‘येवा, कोकण आपलाच असा!’ खानावळीवर, काजूच्या दुकानावर, लॉजच्या कमानीवर आणि अलीकडे जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्या दलालाच्या कचेरीवरही. आमंत्रण मनापासूनचे आहे, याबद्दल मला शंका नाही. फक्त त्यात एक गोष्ट मोघम राहिली आहे. ‘येवा’ म्हणजे किती दिवसांसाठी? दोन रात्रींसाठी, मे महिन्यापुरते, की बिऱ्हाड घेऊन कायमचे?

हा प्रश्न सध्या शहरांतल्या पुष्कळ घरांत रात्रीच्या जेवणानंतर निघतो. २०२० च्या टाळेबंदीत कित्येकांना कळले, की आपली नोकरी घरी बसून होते. मग ते घर कोथरूडलाच कशाला हवे? कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत का होईना पुढे सरकले. पुण्या-मुंबईची चाळिशीतली जोडपी दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ले या तालुक्यांतली किनाऱ्यावरची गावे हेरू लागली. त्यांतली काही माझ्याकडे येतात. १९९१ ते १९९५ या काळात मी सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावात बँकेच्या शाखेचा अधिकारी होतो आणि पुढे त्या परिसरावर एक कादंबरीही लिहिली, एवढीच माझी पात्रता. डॉक्टर किती लांब, वीज किती वेळ जाते, इंटरनेट चालते का, हे सगळे विचारून झाले की आवाज जरा खाली येतो. “पण काका, गावातले लोक आम्हांला आपले म्हणतील का हो?”

माणसे प्रेमळ आहेत, असे सांगून वेळ मारून नेता येते. प्रेमळ आहेतही. पण बँकेत आम्हांला शिकवले होते, की कर्ज मागायला आलेल्याचा चेहरा पाहू नये. त्याला काय हवे आहे आणि तो काय तारण ठेवतो आहे, ते पाहावे. गावही नव्या बिऱ्हाडाकडे काहीसे असेच पाहते. म्हणून आधी गावाचा ताळेबंद पाहू या.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण मुंबई शहर सोडले तर दोन जिल्ह्यांची चक्क घटली : रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्याही खाली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. हा काही स्त्रीजन्माच्या स्वागताचा आकडा नव्हे. पुरुष नोकरीसाठी बाहेर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. वाडीत फिरा, दहा घरांपैकी चारांना कुलूप आणि उरलेल्यांत म्हाताऱ्या. शाळांचे पट असे उतरले आहेत, की वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ साली राज्य सरकारने पुढे आणला, तेव्हा सर्वांत जास्त धास्ती डोंगरात आणि किनाऱ्यावर विखुरलेल्या वाड्यांनी घेतली. गावाला माणसे हवी आहेत. पावसाळ्यात दिवा लागणारी घरे हवी आहेत.

पण त्याच गावाला तीन गोष्टींची टंचाई आहे : जमीन, गोडे पाणी आणि वाट. नवे कुटुंब एका हाताने माणसे देते आणि दुसऱ्या हाताने या तिन्हींना हात घालते. स्वागत होणार की नाही, हे बहुधा या वजाबाकीवर ठरते.

जमिनीचे आधी सांगतो, कारण माझी उमेदीची वर्षे सातबारे वाचण्यात गेली. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. हे दलाल सांगतो, कारण त्यातून वाट काढून देण्याचे तो पैसे घेतो. जे तो सांगत नाही ते कब्जेदारांच्या रकान्यात असते. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-वीस, तीस-तीस सहहिस्सेदार असतात. काही परळला, काही डोंबिवलीला, काही कैलासवासी. त्यांतल्या एका भावाचा हिस्सा शहरातला माणूस रोख मोजून घेतो. जमीन घेतली, असे तो समजतो; गावाच्या लेखी त्याने भांडण विकत घेतलेले असते. मग उरलेले भाऊबंद त्याच्या दारावरून जाताना पलीकडे का बघतात, याचा तो विचार करत बसतो. समुद्राच्या तोंडावरची जागा तर आणखी नाजूक. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे मज्जाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळ्या-गाबितांच्या घरांनाच धड कागद नाहीत. आणि त्याच रेषेवर कुणा पाहुण्याचा बंगला उभा राहिला, तर आमच्या पडवीला नोटीस आणि याला परवानगी कशी, असे त्यांनी विचारले तर त्यांचे काय चुकले?

वाटेचे प्रकरण दिसायला किरकोळ. इथे आवाराला चिऱ्यांचा गडगा असतो, कमरेएवढा. त्याच्यावरून दोन घरच्या बायका बोलतात, वाटीभर सोलकढी इकडून तिकडे जाते आणि त्यात ठेवलेल्या फटीतून अर्धी वाडी समुद्राकडे, विहिरीकडे किंवा देवळाकडे ये-जा करते. कागदावर ती वाट नसते, वहिवाट असते. शहरातून आलेले कुटुंब पहिली गोष्ट करते ती म्हणजे सहा फुटी भिंत आणि लोखंडी फाटक. चोरीचे भय त्यांना शहरातच जडलेले असते. भिंत कुणाविरुद्ध नाही, असे ते म्हणतात; वाडीला मात्र ती आपल्याचविरुद्ध वाटते, कारण ज्यांना आता वळसा पडतो ते लोक वाडीतले असतात. पाण्याचेही तसेच. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगते. एकाने खोल बोअर मारून बागेसाठी रात्रंदिवस पंप लावला, तर एप्रिल-मेमध्ये शेजारच्या विहिरी मचूळ होतात. मग हिरवळ त्याची आणि खारट चहा सगळ्यांचा.

इथे कुणी म्हणेल, की कोकणी माणूस मुळातच बाहेरच्याला बिचकतो. मला ते पटत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात गावोगावच्या वेशींवर बांबू आडवे पडले, ते बाहेरच्यांसाठी नव्हते. मुंबईहून परतणाऱ्या सख्ख्या चाकरमान्यांसाठी होते. त्या वर्षी गणपतीला येणाऱ्यांनी किती दिवस विलगीकरणात राहायचे, यावरून भावाभावांत वाद झाले. आणि त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दापोलीकडच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा जे गावात हजर होते त्यांनी कोयते, करवती घेऊन रस्ते मोकळे केले. त्यात मूळचा कोण आणि उपरा कोण, हे कुणी विचारले नाही. गावात दोनच जाती असतात असे मला पुष्कळदा वाटते, असलेल्यांची आणि नसलेल्यांची. (खऱ्या जातींकडे पुढे येतो.)

जुना इतिहासही बिचकण्याचा नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेली काही ज्यू कुटुंबे आली, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हे नाव मला फार बोलके वाटते. गावाने त्यांचा वेगळेपणा पाहिला, त्याला नाव दिले आणि आठवड्यातून एक दिवस तेल मिळणार नाही, हे मान्य केले. अर्थात त्याबरोबर त्यांना उतरंडीतली एक पायरीही नेमून दिली. त्या काळचे स्वागत असेच सशर्त होते. पुढे ही कुटुंबे गावांच्या नावांनी दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर झाली. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेली, तरी अलिबागला इस्रायल आळी आहे आणि रेवदंड्याला सिनेगॉग. त्यांनी गावाला आधी काय दिले, तर तेल. रोजच्या चुलीला लागणारी वस्तू.

माझा अनुभव याच्या मानाने फारच थोडा. बदलीच्या माणसाला गाव लवकर जवळ करते, कारण तो जाणार हे ठरलेले असते. शेजारच्या काकी हे तोंडावर म्हणत : “सायेब, तुमी काय, आज असास, उद्या जातलास.” तरी एक दिवस माझी सात वर्षांची मुलगी फ्रॉकच्या ओच्यात चार तारल्या घेऊन घरी आली. किनाऱ्यावर रापण ओढत होते, तिने इतर पोरांबरोबर दोराला हात लावला होता. आणि दोराला हात लावणाऱ्याला थोडी तरी मासळी मिळते. “माझा वाटा,” असे ती म्हणाली. मी चार वर्षांत निदान दोनशे कर्जप्रकरणे मंजूर केली असतील, पण असा वाटा मला कुणी दिला नाही.

आणखी एक खूण मी तिथे शिकलो. देवळाच्या सप्ताहाची वर्गणी. पहिल्या वर्षी माझ्याकडे पाचशे एक मागितले आणि शेजाऱ्याकडे एकावन्न. मी मनात खूश, केवढा मान! दुसऱ्या वर्षीही पाचशे एक. तिसऱ्या वर्षी पावती आली एकावन्नची, आणि सोबत निरोप, की एका रात्री पहाऱ्याला दोन तास आमच्या घरचा माणूस हवा. शहरातून जाणाऱ्यांना मी सांगतो, तुमच्याकडे जोवर जास्त पैसे मागतात तोवर तुम्ही देणगीदार आहात. दुसरी खूण, गावात मयत झाले तर रात्री तुमच्या दारावर कुणी थाप मारते का. सकाळी तुम्हांला दुकानात कळत असेल, तर अजून वेळ आहे.

आता जातीचे. पाहुण्याला पहिला प्रश्न असतो, “तुमी मूळ खंयचे?” आणि दुसरा, आडनाव काय. हा प्रश्न गोड असतो, पण त्याच्या उत्तराचे परिणाम सारखे नसतात. वरच्या जातीच्या, नोकरदार कुटुंबाला भाड्याचे घर दोन दिवसांत मिळते. दलित किंवा मुसलमान कुटुंबाला ‘मालक मुंबईला असतात, विचारून सांगतो’ असे उत्तर मिळण्याचा संभव जास्त. किनाऱ्यावर कोकणी मुसलमानांची गावे शतकानुशतकांची आहेत, तरीही. शहरात हे होत नाही असे नाही. पण लहान गावात दुसरा दरवाजा ठोठावायला नसतो, म्हणून ते जास्त लागते. जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हे डोळे उघडे ठेवून पाहावे आणि ज्यांना सहज घर मिळाले त्यांनी ते आपल्या स्वभावाच्या गोडव्यामुळे मिळाले, असे समजू नये.

नुकतेच एक जोडपे आले होते. दोन मुले, एक तिसरीत, एक पहिलीत. प्लॉट पाहून ठेवला होता, समुद्र दिसणारा, इसाराची घाई चाललेली. मी म्हटले, घेऊ नका. आषाढात जा. डिसेंबरातले गाव पाहुण्यांसाठी नटलेले असते. आषाढात वीज गेलेली, भिंतींना ओल, मासेमारी बंद आणि सगळे घरात. त्या दिवसांत एखादे कुलूप लागलेले घर भाड्याने घ्या, गळके असले तरी. मुलांची नावे गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस दारात येऊ लागली, की अर्धे गाव तुम्हांला मनातून वजा करते. बारा-तेराच्या पटावर दोन नावे वाढली, तर मास्तर स्वतः घरी येतील. नवरा जरा हिरमुसला. बायकोने मात्र विहिरीला पाणी कधीपर्यंत असते, ते विचारून घेतले. एक वर्ष झाल्यावर जमीन घ्यावी की नाही, हे त्यांना गावातलेच कुणीतरी सांगेल, आणि कुठली घेऊ नये तेही.

आपण गावकर होऊ, ही आशा मात्र या पिढीने ठेवू नये. पालखीचा मानाचा क्रम ठरलेला असतो, कौल कुणी लावायचा हे ठरलेले असते, त्यात नव्या घराला जागा नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यासारख्या गावांत काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा हुकूम घेऊन सगळे गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहते. तुमची देवावर श्रद्धा आहे की नाही, हे तेव्हा कुणी विचारत नाही. तुम्ही चूल विझवून बाहेर पडता की फाटक लावून लॅपटॉप उघडता, तेवढे मात्र सगळे पाहतात.

शेवटी एक राहून गेलेली गोष्ट. आपण हा सगळा विचार ऐपतदार कुटुंबांचा केला, कारण तीच माझ्याकडे विचारायला येतात. आंब्याच्या बागा राखायला आणि होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळी माणसे गेली कित्येक वर्षे या किनाऱ्यावर येत आहेत. काही बायकामुलांसह बागेतल्या खोपीत राहतात. गाव आपले म्हणेल का, हे विचारायला त्यांना कुणी ओळखीचे काका नसतात. गेल्या पंधरा ऑगस्टला मी माझ्या जुन्या गावी होतो. प्रभातफेरीत अठरा मुले होती. पुढे झेंडा धरलेला मुलगा बागेतल्या राखणदाराचा. मी त्याला कौतुकाने त्याचे गाव विचारले, तर त्याने आमच्याच वाडीचे नाव सांगितले आणि उलट मलाच विचारले, “तुमी खंयचे?”